न बोलणाऱ्याचे म्हणणे

वर्गात गप्प बसणारे मूल शिक्षकाला सहसा त्रास देत नाही. ते खोड्या काढत नाही, शेजाऱ्याची पेन्सिल पळवत नाही, घंटा होण्याआधी दप्तर आवरत नाही. हजेरीच्या वेळी त्याच्या नावापुढे खूण होते आणि दिवस पुढे सरकतो. प्रगतिपुस्तकात अशा मुलाविषयी ‘स्वभावाने शांत’ असा शेरा लिहिण्याची आपल्या शाळांतली रीत जुनी आहे, आणि पालकही तो शेरा कौतुकाने वाचतात. शांतपणा हा स्वभाव असू शकतो हे खरेच. परंतु तो स्वभाव आहे, अज्ञात भाषेपुढची माघार आहे की शरीराची अडचण आहे, हे ओळखण्यासाठी कुणीतरी त्या मुलाजवळ जाऊन बसावे लागते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील शाळांत हे ओळखणे किती अवघड असते, ते मला माझ्या भाचीमुळे पाहावयास मिळाले.

चांदा हे चंद्रपूरचे जुने नाव आपल्या वाचकांना चांदा धर्मप्रांताच्या नावातून परिचित आहे. या जुन्या चांदा जिल्ह्यातूनच २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेथील सुमारे पाऊण भूभाग वनक्षेत्रात मोडतो, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत आहे. गावे लहान, एकमेकांपासून दूर, आणि भाषा अनेक. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, इतरत्र गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, चंद्रपूरच्या जिवती भागात कोलामी, आणि या साऱ्यांच्या मध्ये झाडीबोलीच्या वळणाची मराठी. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविड कुळातील भाषा होत. मराठीशी त्यांचे घरोब्याचे नाते नाही. पाण्याला गोंडीत ‘येर’ म्हणतात. पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या माडिया मुलापुढे मराठीचे पुस्तक उघडले जाते, तेव्हा ते मूल काही दिवस नव्हे, कित्येक महिने गप्प बसते. शिक्षकालाही या गप्प बसण्याची सवय झालेली असते.

आणि नेमकी येथेच गफलत होते. वसईच्या शाळेत एखादी मुलगी सहा महिने एक शब्द बोलली नाही, तर कुणीतरी चौकशी करील. जंगलातल्या शाळेत तीच मुलगी ‘हिला अजून मराठी येत नाही’ या सबबीखाली दोन-तीन वर्षे झाकली जाऊ शकते. भाषा न कळणारे मूल, ऐकू न येणारे मूल आणि सारे कळूनही जीभ न वळणारे मूल, ही तिघे मागच्या रांगेत शेजारी शेजारी बसतात आणि दुरून अगदी सारखी दिसतात.

माझी भाची गेली काही वर्षे गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्यात विशेष शिक्षिका म्हणून काम करते. गटसाधन केंद्रातून निघावयाचे, ठरलेल्या शाळांना भेटी द्यावयाच्या, ज्या मुलांना अपंगत्व आहे त्यांना शिकवावयाचे आणि त्यांच्या वर्गशिक्षकांना मदत करावयाची, असे तिचे काम. हल्ली ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. गावात मात्र जुनेच शब्द चालतात, आणि त्यांतले काही ऐकवत नाहीत. निवृत्तीनंतरच्या एका मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले. बल्लारशापर्यंत रेल्वे, पुढे एस.टी., आणि शेवटचे काही किलोमीटर तिच्या स्कूटीवर मागे बसून. मोहफुले वेचण्याचा हंगाम होता. पहाटेपासून माणसे झाडांखाली टोपल्या घेऊन बसलेली दिसत. वर्गातली काही मुलेही तिकडेच असत.

त्या दौऱ्यात तिसरीतल्या एका मुलीपाशी ती थांबली. वर्गशिक्षक सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, “मॅडम, पोरगी हुशार आहे, पाहून पाहून सारं लिहिते. पण बोलत नाही. घरी माडियाच बोलतात ना.” भाचीने त्यावर काही भाष्य केले नाही. तिने पाचवीतल्या मोठ्या बहिणीला बोलावले, त्या मुलीच्या पाठीमागे चार पावलांवर उभे केले आणि घरच्या भाषेत, घरच्या नावाने हाक मारावयास सांगितले. बहिणीने हाक मारली. मुलगी वहीत लिहीत राहिली. बहीण पुढे आली, समोर उभी राहिली आणि हसली; तेव्हा मुलगीही हसली. मराठी न कळणारे मूल आपल्या बोलीतल्या हाकेला वळते. हे मूल वळले नाही. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, आणि भाचीनेही तसे म्हटले नाही. परंतु कोणत्या दरवाजाकडे जावयाचे ते एवढ्याने ठरले. जवळून पाहता एका कानातून पू वाहिल्याची खूण दिसली. आईने सांगितले, की कान दर पावसाळ्यात वाहतो. यापुढचा रस्ता जिल्हा रुग्णालयाचा होता.

तेथून परतताना मी भाचीला विचारले, की अशी मुले येथे येतात तरी कशामुळे. कारणे गूढ नाहीत. मध्यकर्णाचा संसर्ग वारंवार होऊन दुर्लक्षित राहिला, तर ऐकणे उणावते. गडचिरोली हा महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार सोसणारा जिल्हा. मेंदूपर्यंत पोचलेल्या हिवतापातून वाचलेल्या काही मुलांच्या हालचालीवर, बोलण्यावर, आकलनावर कायमचा परिणाम राहतो. जन्मताना श्वास कोंडला, तर मेंदूला इजा होऊन स्नायूंवरचा ताबा जाऊ शकतो. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले आणि नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले. बाळे वाचू लागली ही मोठीच गोष्ट. वाचलेल्या बाळांतील काहींना पुढे शाळेत मदतीचा हात लागतो, हे त्या यशाच्या पुढचे पान आहे आणि ते शाळेने लिहावयाचे आहे.

श्रवणयंत्र मिळाले की काम संपले, अशी आपली शहरी समजूत असते. यंत्राचा कानात बसणारा साचा मुलाच्या कानाच्या मापाने करावा लागतो, आणि मूल वाढते तसा तो सैल होऊन शिट्टी वाजू लागते. म्हणजे पुन्हा नवा साचा. घामाने आणि पावसाळी दमटपणाने यंत्र बिघडते. सेल संपतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. अशा दिवसांत छोटे सेल कोठून आणावयाचे? जुलैत बंद पडलेले यंत्र दिवाळीपर्यंत पत्र्याच्या पेटीत पडून राहते, आणि त्या चार महिन्यांचे शब्द त्या मुलाला मिळत नाहीत. भाची म्हणून पावसाळ्याआधी सेलांची जादा पाकिटे शाळेच्या कपाटात ठेवते. यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या पुडीसह डब्यात ठेवण्याची शिस्त ती मुलाला नव्हे, त्याच्या आजीला लावते. आजी विसरत नाहीत, असा तिचा अनुभव.

दुसरा मुलगा दहा वर्षांचा होता. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्याचे हात थरथरत, मान एका बाजूस कलत असे, तोंडातून शब्दाऐवजी ओढलेला स्वर निघे. त्याच्या वडिलांना एका दवाखान्यात कुणीतरी सांगितले होते, की थांबा, वयाबरोबर बोलेल. ते पाच वर्षे थांबले होते. आजी तेवढी ठामपणे म्हणाली, “तो बोलत नाही मॅडम, पण त्याले सारं समजते.” आजीचे म्हणणे भाचीने पुरावा म्हणून धरले आणि कामाला आरंभ केला. त्याला नजरेने ‘होय’ आणि ‘नाही’ खात्रीने सांगता येते का, हे प्रथम पाहिले. मग दोन वस्तूंतून एक निवडणे, मग चार चित्रांतून एक. त्यानंतर चित्रतक्ता आला. मुलाने बोटाने, मुठीने किंवा नुसत्या नजरेने चित्र दाखवावयाचे आणि समोरच्याने ते मोठ्याने म्हणावयाचे.

कार्यालयातून आलेला छापील तक्ता मी पाहिला. त्यावर सोफा होता, फ्रिज होता, न्हाणीघरातला शॉवर होता आणि पावाचे तुकडे होते. भाचीने तो बाजूला ठेवला आणि गावातल्या मुलांकडून नवी चित्रे काढून घेतली. हातपंप, शेळी, आंबिलीचा गंज, मोहाची टोपली, खाट, शाळेची घंटा, खिचडीची थाळी, आजी. प्रत्येक चित्राखाली दोन नावे देवनागरीत लिहिली, एक माडिया आणि एक मराठी. तिचे म्हणणे असे, की बोलणारे माडिया मूल शाळेत दोन भाषा वापरते, मग तक्त्याने बोलणाऱ्याला एकच का द्यावी? घरी आजी मराठी वाचत नाही. पण चित्र पाहून आपल्या शब्दात ते म्हणू शकते. तक्ता शाळेत मराठीत बोलेल आणि घरी माडियात.

तक्त्यावर आणखी एक गोष्ट तिने हट्टाने घातली. अशा तक्त्यांवर बहुधा पाणी, जेवण, लघवी, झोप एवढीच चित्रे असतात. जणू न बोलणाऱ्या माणसाला गरजा तेवढ्या असतात, मत नसते. तिने ‘नको’, ‘थांबा’, ‘पुन्हा सांगा’, ‘दुखते’, ‘मला मारले’, ‘माझी पाळी’, ‘गंमत’ आणि ‘हे खोटे आहे’ यांना जागा दिली. आणि त्या मुलाने पहिल्यांदा दोन चित्रे जोडून जे वाक्य केले, ती चक्क तक्रार होती. त्याने आधी शेजारच्या मित्राचे चित्र दाखवले आणि मग ‘घेतले’ या चित्रावर मूठ आपटली. मित्राच्या खिशातून गोटी निघाली. वर्ग हसला, मित्र ओशाळला, आणि वर्गशिक्षकांनी त्या दोघांना समान वागणूक देत गोटी जप्त केली. भाची सांगते, की त्या दिवसापासून मुले त्याच्याशी भांडू लागली. त्याआधी ती त्याच्यावर फक्त दया करीत असत.

तक्रार करता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे मला तेथे नीट उमगले. या जिल्ह्यांत कितीतरी मुले आश्रमशाळांत, आईवडिलांपासून दूर राहतात. रात्री पोट दुखू लागले, ताप चढला, कुणी मोठ्या मुलाने छळले किंवा कुणी वाईट हेतूने हात लावला, तर बोलते मूल निदान सकाळी कुणाला तरी सांगू शकते. ज्याच्यापाशी सांगण्याचे साधनच नाही, त्याचे दुखणे वाढल्यावरच दिसते आणि त्याला छळणाऱ्याला पकडले जाण्याची भीती नसते. म्हणून ‘दुखते’ आणि ‘मला मारले’ ही दोन चित्रे अ-आ-इ-ईच्या आधी यावीत. शिक्षणाचा प्रश्न म्हणून आपण ज्याकडे पाहतो, तो मुळात सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

पुष्कळ पालकांना भीती वाटते, की चित्रे हाती दिली तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडील. अभ्यासकांनी ही शंका तपासून पाहिली आहे. चित्रे, खुणा वा यंत्रे वापरल्याने मुलांचे बोलणे मागे पडते असे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे थोडे वाढलेलेच दिसते. आपले म्हणणे पोचते असा अनुभव आल्यावर आणखी सांगावेसे वाटते, हे सहज समजण्याजोगे आहे. मुंबईच्या मालिनी चिब या मेंदूच्या पक्षाघातासह जगणाऱ्या लेखिकेने एका बोटाने टंकलेखन करून आपले आत्मचरित्र लिहिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाच्या नावातच ते एक छोटे बोट आहे.

या विषयाचा आपल्या परंपरेशी जुना संबंध आहे. लूकलिखित शुभवर्तमानात जखऱ्याची वाचा जाते आणि बाळाचे नाव ठरविण्याच्या वेळी तो पाटी मागवून घेतो. सगळे शेजारी आपापसांत नाव ठरवून बसलेले असताना, न बोलणाऱ्या बापाचे म्हणणे पाटीवरून प्रकट होते आणि तेच मान्य होते. त्या प्रसंगातला एक बारकावा मात्र माझ्या भाचीने मला दाखवला. शेजारी जखऱ्याशी खुणांनी बोलतात. त्याला ऐकूही येत नव्हते की काय, यावर अभ्यासकांची मते वेगवेगळी आहेत. परंतु जो बोलत नाही त्याला ऐकू येत नसणार, त्याला समजतही नसणार, असे धरून चालण्याची माणसांची खोड आजही प्रत्येक गावात दिसते.

पुढे अठराव्या शतकात पॅरिसमधील धर्मगुरू आबे द लेपे यांनी कर्णबधिर मुलांच्या खुणा ही अडाणी चाळेबाजी नसून शिकविण्याची भाषा होऊ शकते हे ओळखले आणि त्यांच्यासाठी मोफत शाळा चालवली. आपल्याकडे १८८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांनी कर्णबधिरांसाठी शाळा काढली; भारतातील अशा शाळांत ती पहिली मानली जाते. परंतु त्याच दशकाच्या आरंभी, १८८० साली, मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करून केवळ तोंडी बोलणे शिकवावे असा ठराव केला. ठराव करणारे बहुतेक सारे ऐकू येणारे होते. त्या ठरावाची सावली अनेक देशांतील शाळांवर शंभर वर्षे राहिली. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने तो नाकारून खेद व्यक्त केला. ज्यांच्याविषयी ठरवावयाचे, त्यांनाच न विचारता ठरवले की काय होते, याचा हा मोठा धडा आहे.

आज आपल्याकडे कायदा पुष्कळ पुढे आला आहे. १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. त्यात संप्रेषणाच्या व्याख्येत ब्रेल, खुणांची भाषा, मोठा टाइप, सोपी भाषा आणि बोलण्याला पूरक व पर्यायी अशा साऱ्या पद्धती येतात, आणि शाळांनी त्यांचा वापर वाढवावा असे कलम आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय केंद्राने २०२१ साली दहा हजार शब्दांचा कोश चित्रफितींच्या रूपाने उपलब्ध केला. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे राज्यघटनेचे कलम ३५० अ १९५६ पासून सांगत आले आहे. माडिया घरातल्या कर्णबधिर मुलीला हे तिन्ही हक्क एकाच वेळी लागू होतात. तिच्या वर्गापर्यंत मात्र तिन्ही एकदम पोचल्याचे क्वचितच दिसते.

तेथे एक प्रश्न मला सतत छळत राहिला. अशा मुलीने गावच्या शाळेत राहावे की विशेष शाळेत जावे? चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली उभारलेल्या आनंदवनात कर्णबधिर आणि अंध मुलांच्या शाळा आहेत. अशा शाळेत खुणांनी बोलणारी कितीतरी मुले एकत्र असतात. पंगतीत, मैदानावर, रात्री अंथरुणावर, सर्वत्र भाषा वाहत असते. गावच्या शाळेत ती एकटीच. परंतु गावात आई आहे, बहीण आहे, मोहाचे झाड आहे. दूरच्या वसतिगृहातून सुटीत परतलेल्या मुलीच्या सफाईदार खुणा आईला समजत नाहीत, हेही घडते. भाचीने मला सरळ उत्तर दिले नाही. ती म्हणाली, “मावशी, मूल कुठेही शिको, त्याच्या भोवतालच्या माणसांनी त्याची भाषा शिकली पाहिजे. वर्गातली तीस मुलं खुणा शिकली, तर गावची शाळाही चालेल. आई शिकली नाही, तर चांगल्यातली चांगली शाळाही अपुरी पडेल.” म्हणून ती रोज परिपाठाच्या वेळी साऱ्या शाळेला पाच खुणा शिकवावयास लावते. मुलांना ती गंमत वाटते. शिक्षकांच्या पाठीमागे एकमेकांशी बोलण्याची सोय झाली, हे त्यांनी लगेच हेरले आहे.

वर्गशिक्षकांना ती फार मोठ्या गोष्टी सांगत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ दिसू द्या. खिडकीला पाठ करून उभे राहू नका, चेहरा काळोखात जातो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजा; ज्याचे स्नायू सावकाश चालतात त्याचे उत्तरही सावकाश येते. त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. ‘समजले का?’ असे विचारू नका, कारण सारी मुले मान डोलावतात. काय समजले ते दाखवावयास सांगा. तक्ता कपाटात कुलपात ठेवू नका. तो मळला, फाटला तर चालेल, नवा करता येतो. यात पैशाचे काम थोडे आणि सवयीचे अधिक.

मी पुन्हा वसईला आले तोवर त्या मुलीची जिल्हा रुग्णालयातील तपासणी झाली होती. दोन्ही कानांत दोष निघाला, कान कोरडा होण्यासाठी औषध सुरू झाले आणि यंत्रासाठी नाव नोंदवले गेले. पहिली तीन वर्षे हातून गेली होती. ती परत येणार नाहीत. मुलगा पाचवीत गेला. पुढची शाळा सहा किलोमीटरवर आहे, आणि तेथले शिक्षक तक्ता वाचावयास तयार होतील की नाही, या काळजीत आजी होती. आजी स्वतः त्याला तेथे नेऊन बसवणार होती.

आपल्या धर्मग्रामांतही अशी मुले आहेत. रविवारी मिस्साच्या वेळी ती शेवटच्या बाकावर आईच्या मांडीला टेकून असतात, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात पुष्कळदा पाठवलीच जात नाहीत. त्यांच्या आईला आपण भेटतो तेव्हा ‘याला काय हवे?’ असे तिला विचारतो. पुढच्या रविवारी त्या मुलापाशीच बसावे, त्याच्या नजरेसमोर दोन वस्तू धराव्यात, त्याला विचारावे आणि दहापर्यंत मोजावे.